दास्तान फाट्यावरचा जानेवारी

उरण तालुक्यात जानेवारीचा मधला आठवडा सणाचाही असतो आणि दुखवट्याचाही. १३ तारखेला इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांची जयंती, पाठोपाठ संक्रांत. तिळाच्या वड्या अजून डब्यात असतात तोच १६ तारीख उजाडते, आणि जासई परिसरातली माणसं दास्तान फाट्याची आठवण काढायला निघतात. दुसऱ्या दिवशी, १७ला, पागोटे. १९८४ साली जमिनीच्या लढ्यात याच दोन दिवशी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. नामदेव शंकर घरत, चिर्ले. रघुनाथ अर्जुन ठाकूर, धुतूम. महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमळाकर कृष्णा तांडेल, तिघेही पागोटे. तेव्हापासून चाळीसहून अधिक वर्षं ही नावं दर जानेवारीत मोठ्याने उच्चारली जातात.

मोठ्याने उच्चारावीच लागतात. पनवेलहून उरणकडे जाणारा हा रस्ता आता न्हावा शेवा बंदराचा रस्ता आहे. देशातल्या प्रमुख बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा निम्म्याच्या आसपास भार हे एक बंदर उचलतं. वीस फुटी डब्याच्या मापाने मोजलं तर वर्षाला सत्तर लाखांहून अधिक. ट्रेलरची रांग दिवसरात्र तुटत नाही. उड्डाणपूल झाले, गावांच्या कमानी पुलांच्या सावलीत गेल्या. या वाहतुकीच्या कडेला थांबून पाच माणसांना हार घालायचा आणि त्यांचं म्हणणं काय होतं ते नव्या पोरांना सांगायचं, हे सोपं काम नाही. तरी ते होतं. कुठलाही सरकारी आदेश नसताना होतं. माणसं फक्त मेलेल्यांसाठी येत नाहीत म्हणून ते होतं. दिलेला शब्द अजून पुरता पाळला गेलेला नाही, हे सांगायलाही ती येतात. इथला स्मृतिदिन दर वर्षी नव्याने मागणीपत्र होतो, आणि माझ्या मते हेच त्याचं बळ आहे.

पण ते लोक नेमकं काय मागत होते हे समजायचं, तर आधी जमीन समजून घ्यावी लागते.

उरण-पनवेलची खाडीकाठची जमीन निसर्गाने जशीच्या तशी दिलेली नाही. ती समुद्राकडून मागून घेतलेली आहे. भरतीचं पाणी जिथवर चढायचं तिथे चिखलाचे बांध घालायचे, बांधात उघाड्या ठेवायच्या. भरतीला उघाडी बंद, ओहोटीला उघडी. मग काही पावसाळे जमीन धुऊ द्यायची. खार उतरला की भात. सुरुवातीला साधं भात तग धरत नाही, म्हणून काळा राता, भुरा राता अशा खारं पाणी सोसणाऱ्या जाती. या जातींवर पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात पुढे कामही झालं. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या अशा खाडीतून काढलेल्या जमिनींसाठी शिलोत्री नावाची वेगळी धारापद्धतच होती. म्हणजे जुन्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होतं की या शेतात दरसाल सारखी मेहनत आहे. उधाणाच्या रात्री बांध फुटला तर अख्खं गाव घमेली-फावडी घेऊन धावायचं. एकट्याची जमीन एकट्याने राखता येत नसे. माझ्या शेताचा बांध तुझ्या शेताचं रक्षण करतो, अशी रचना असल्यामुळे एकी ही इथे चांगुलपणाची गोष्ट नव्हती, शेतीची अटच होती.

भाताखेरीज मिठागरं. उन्हाळ्यात कोंड्यांमधून मीठ ओढायचं, राशी घालायच्या. आणि खाडी. ओहोटीला बायका चिखलात उतरायच्या ते निवटे, चिंबोऱ्या, कोळंबी, कालवं घेऊन वर यायच्या. जिताडा मिळाला तर दिवस सोन्याचा. आगरी, कोळी, कराडी घरांतलं रोजचं कालवण या चिखलातून येत होतं आणि उरलेलं बाजारात जाऊन मिठामिरचीचा पैसा होत होतं. हा पैसा बहुतेक बाईच्या हातात राहायचा. सात-बाऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. खाडीला सात-बारा नसतो.

सरकारी नजरेला मात्र दिसली ती मुंबईसमोरची, पाणथळ, स्वस्त जमीन. १७ मार्च १९७० रोजी नवं शहर उभारायला सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. मुंबई बंदरावरचा ताण कमी करण्यासाठी न्हावा आणि शेवा या बेटांच्या बाजूला नवं बंदर करायचं हेही पक्कं झालं. शहर हवं होतं, बंदरही हवं होतं. त्याला इथल्या लोकांनी सरसकट नकार दिला असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. त्यांचं भांडण अटींचं होतं.

अटींचा मूळ दोष १८९४च्या भूसंपादन कायद्यात होता. ज्या तारखेला अधिसूचना निघते त्या तारखेचा भाव धरायचा, असा तो कायदा. अधिसूचना निघाली की भाव गोठतो. ताबा आणि पैसा मात्र दहा-बारा वर्षांनी. मधल्या काळात महागाई वाढते, शेजारी शहर उभं राहतं, त्याच जमिनीवर बांधलेली घरं चढ्या दराने विकली जातात, आणि मूळ मालकाच्या हातात जुन्या सालचा भाव ठेवला जातो. त्यातही खारजमीन, म्हणजे हिशेबात सगळ्यात खालच्या प्रतीची. बांधाला लागलेले पिढ्यांचे हात मोजायला रकाना नव्हता. खाडीचं उत्पन्न मोजायलाही नव्हता.

दिनकर बाळू पाटील हे याच मातीतले. जन्म जासईचा, १३ जानेवारी १९२६. शेतकऱ्याचा मुलगा, शिकून वकील झाला. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पनवेलमधून विधानसभेत गेला आणि शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घेऊन पुन्हा पुन्हा निवडून आला. १९७२ पासून काही वर्षं ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. त्यांची ताकद सभागृहातल्या भाषणांइतकीच गावातल्या ओट्यावरच्या बैठकीत होती. कायद्याचं कलम ते भाताच्या आणि मिठाच्या भाषेत समजावून सांगत. त्यांनी जी मागणी घडवली तिचे दोन पाय होते. एक, रास्त भाव. दुसरा अधिक महत्त्वाचा: घेतलेल्या जमिनीचा काही हिस्सा विकसित करून मूळ मालकाला परत द्या. शहर आमच्या जमिनीवर होणार असेल तर शहरात आमचाही वाटा हवा. आज हे कुठल्याही नगररचनाकाराच्या तोंडी सहज येतं. तेव्हा सरकारला ते अवाजवी वाटलं.

आणि मग १९८४चा जानेवारी.

मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. जमिनीचा ताबा घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या, बंदोबस्त वाढला. १६ तारखेला गावोगावचे लोक दास्तान फाट्याकडे निघाले, हजारोंनी. पुरुष होते, तितक्याच हिमतीने बायका होत्या. खाडीत उतरणाऱ्या बायकांना या लढ्यात गमवायला पुरुषांपेक्षा कमी नव्हतं. आधी लाठ्या, अश्रुधूर आणि मग गोळ्या. नामदेव घरत आणि रघुनाथ ठाकूर गेले. दुसऱ्या दिवशी लोक घाबरून घरात बसतील असा कुणाचा अंदाज असेल तर तो चुकला. १७ला नवघर-पागोट्याच्या बाजूला लोक पुन्हा रस्त्यावर आले आणि पुन्हा गोळीबार झाला. पागोटे हे लहान गाव; एका दिवसात त्याची तीन माणसं गेली. दोन्ही दिवसांत जखमी किती झाले, कुणाच्या अंगात गोळी राहिली, कुणाचा हात कायमचा अधू झाला, याची यादी गावांच्या तोंडी आहे. ती छापील असायला हवी होती.

त्या वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट. महाराष्ट्रात काँग्रेसने ४८ पैकी ४३ जागा घेतल्या. कुलाब्यातून मात्र दि. बा. पाटील निवडून आले. गोळीबारावर लोकांचं मत काय होतं, ते मतपेटीतून असं निघालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने भूसंपादन कायद्यात मोठी दुरुस्ती केली: दिलासा रक्कम पंधरा टक्क्यांवरून तीस टक्के झाली, आणि अधिसूचनेपासूनच्या विलंबासाठी दरसाल बारा टक्के जादा देण्याची तरतूद आली. या दुरुस्तीची मुळं देशभरातल्या तक्रारींत आणि अहवालांत आहेत, एकट्या उरणात नाहीत. पण जी गोष्ट उरणचे लोक सांगत होते तीच कायद्याला मान्य करावी लागली, एवढं नक्की.

साडेबारा टक्क्यांची योजना त्यानंतर आली. १९९०मध्ये सिडको क्षेत्रासाठी शासन निर्णय झाला आणि १९९४मध्ये सुधारून तो व्यापक केला गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकं विकसित क्षेत्र मूळ खातेदाराला द्यायचं. त्यातून सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापायचे, म्हणजे हाती पावणेनऊ. शंभर गुंठे गेले असतील तर पावणेनऊ गुंठ्यांचा भूखंड. ऐकायला थोडा; पण नव्या मुंबईत भूखंडाची किंमत काय होते हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्याचं मोल कळेल. पुढे नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज मिळालं, तेही याच पायावर. भूसंपादनात पैशाबरोबर विकसित जमिनीतला वाटा देण्याची जी चर्चा देशात झाली, तिच्यात नवी मुंबईचं नाव आजही घेतलं जातं. पाच माणसांच्या रक्ताने मिळवलेलं काही असेल तर ते हे.

मिळवलेलं आणि पोचलेलं यांत मात्र अंतर राहिलं. वारसांची भांडणं, कागदपत्रं, सिडकोच्या खिडक्या, आणि या सगळ्यात आधीच फाईल विकत घेऊन बसलेला बिल्डर. कित्येक घरांनी भूखंड पाहिलाच नाही. कागद आला आणि अर्ध्या किमतीत गेला. बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या जसखार, सोनारी, करळ, सावरखार, डोंगरी, पाणजे, फुंडे, नवघर, पागोटे, जासई अशा गावांना तर साडेबारा टक्क्यांसाठी आणखी थांबावं लागलं. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्या खातेदारांना इरादापत्रं देण्याचा समारंभ पंतप्रधानांच्या हस्ते न्हावा शेव्यात १६ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. मधली पंचवीस वर्षं मोजली तर एक पिढी म्हातारी होऊन गेली. इरादापत्रानंतरही प्रत्यक्ष भूखंडासाठी वाट पाहणं आलंच. दरम्यान मुलांची लग्नं झाली, घरं अपुरी पडली, माणसांनी गावठाणाच्या कडेला आपल्याच जुन्या जमिनीवर खोल्या वाढवल्या. गरजेपोटी बांधलेली घरं असं त्यांचं नाव पडलं. ती नियमित करा, ही आता दर १६ जानेवारीच्या भाषणांतली कायमची मागणी आहे.

शेव्याच्या कोळ्यांची गोष्ट याहून कठीण. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला आणि कुटुंबं उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवली. त्या जागेला वाळवी. घरांच्या तुळया, दरवाजे, कपाटं, कागदसुद्धा पोखरले गेले. दुरुस्ती केली की पुन्हा तेच. नवी जागा द्या म्हणून ही माणसं चार दशकं मागणी करत आली. अलीकडच्या वर्षांत त्यांनी होड्या घेऊन बंदराचा जलमार्ग अडवण्यापर्यंत आंदोलनं नेली. मासेमारीच्या नुकसानीबद्दल परंपरागत मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे गेले. २०१५ साली लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत, असा आदेश जेएनपीटी (न्हावा शेवा बंदराचं विश्वस्त मंडळ), सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पैशाचं जे व्हायचं ते होवो, त्या आदेशात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते: ज्या खाडीला सात-बारा नव्हता, तिच्यावर जगणाऱ्यांचाही हक्क असतो, हे प्रथमच रुपयांत मांडलं गेलं.

उरणच्या माणसाला हे बळ कुठून मिळतं, असं विचारणाऱ्याने नकाशावर बोट थोडं पूर्वेला सरकवावं. चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. इंग्रजी पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. चिरनेरचे, कोप्रोलीचे, मोठी जुई, धाकटी जुई, पाणदिवे, खोपटे, दिघोडे इथले. खटला चालला तेव्हा बचावाच्या वकिलांत डॉ. आंबेडकर होते. चिरनेरला दर २५ सप्टेंबरला हुतात्मा स्मृतिदिन होतो, शासकीय मानवंदनेसह. जासई-पागोट्याच्या पाचजणांचं स्मरण मात्र गावांनी, पक्षांनी आणि प्रकल्पग्रस्तांच्या संघटनांनी स्वतःच्या खांद्यावर पेललेलं आहे. गोळी परक्या सरकारची होती की आपल्या, यावर हुतात्म्याचं मोल ठरू नये. महाराष्ट्र सरकारने १६ आणि १७ जानेवारीचा मान आपणहून पत्करावा, असं माझं ठाम मत आहे.

याच जिल्ह्यात दक्षिणेला महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी परिषदेच्या मंडपातून माणसं रांगेने चवदार तळ्याकडे चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३मध्येच मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेने तळं खुलंही केलं होतं. कागदावरचा हक्क पायांनी चालून घ्यावा लागला. परतणाऱ्यांना मार खावा लागला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले आणि दासगाव बंदरात उतरले. याच किनाऱ्यावरून. तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल लागायला १९३७चा मार्च उजाडला. आणि १० जानेवारी १९३८ला खोतीच्या विरोधात कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कायदेमंडळावर चालून गेले, तेव्हा त्यांच्यापुढे आंबेडकर होते. चरीच्या शेतकऱ्यांच्या सहा वर्षांच्या संपाचे नारायण नागू पाटीलही याच काळातले. दि. बां.च्या पिढीने हे सगळं लहानपणी ऐकलेलं होतं. न्हावा शेव्याचा लढा आकाशातून पडला नाही.

दर २० मार्चला महाडला जो लोंढा येतो, तो कुणाच्या निमंत्रणावर येत नाही. एसटीने, टेम्पोने, पुस्तकांचे गठ्ठे घेऊन येतो. चळवळीची आठवण टिकवायला कुठली तरी घट्ट वीण लागते. महाडला ती बौद्ध वस्त्यांची, विहारांची, भीमगीतांची आहे. अमेरिकेतल्या सेल्मा गावात ती चर्चची आहे. तिथली गोष्ट इथे सांगावीशी वाटते, कारण दास्तान फाट्याशी तिचं नातं मला जवळचं वाटतं.

अलाबामा राज्यात काळ्या नागरिकांना मतदार यादीत नाव घालू दिलं जात नव्हतं. १९६५च्या फेब्रुवारीत जिमी ली जॅक्सन या तरुणाला पोलिसाची गोळी लागली आणि काही दिवसांत तो गेला. ७ मार्चला ब्राऊन चॅपल या चर्चमधून सुमारे सहाशे माणसं राजधानी माँटगोमेरीकडे चालत निघाली. पुढे जॉन लुईस आणि होसिया विल्यम्स होते. एडमंड पेटस पूल ओलांडताच पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपलं, अश्रुधूर सोडला. चित्रं टीव्हीवर देशभर गेली. दोन आठवड्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा पुन्हा निघाला आणि २५ मार्चला माँटगोमेरीला पोचला तेव्हा पंचवीस हजार माणसं जमली होती. ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. तेव्हापासून मार्चच्या सुरुवातीच्या रविवारी प्रार्थना होते, मग म्हातारेकोतारे आणि शाळकरी मुलं मिळून तो पूल पुन्हा ओलांडतात. २०१३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा एक महत्त्वाचा भाग निकामी केला. त्यानंतर त्या स्मृतिमोर्चाचा स्वर बदलला. जे मिळालं म्हणून आठवायचं होतं, तेच पुन्हा मागायची वेळ आली. चर्चने ती आठवण पन्नास वर्षं जपली नसती, तर मागायला उभं राहणारे इतके पाय सापडले नसते.

आपल्याकडेही चर्च असं उभं राहिलेलं आहे. वसईत १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती झाली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. पुढे २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. केळीच्या बागा, विहिरी आणि शेतं वाचवायला वसईच्या ख्रिस्ती बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या, त्यांच्यासोबत इतर समाजही आले. त्या लढ्यातही समोर सिडकोचा विकास आराखडा होता. रविवारच्या मिस्साला जमणारी माणसं, एकमेकांना नावाने ओळखणारे धर्मग्राम, छापलेलं एक मासिक: ही सगळी यंत्रणा तयार होती.

उरणला असं एक छप्पर नाही. इथे गावकी आहे, देवीच्या जत्रा आहेत, भजनी मंडळं आहेत, क्रिकेटचे संघ आहेत आणि पक्ष आहेत. दि. बा. हयात होते तोवर ते स्वतःच ते छप्पर होते. २४ जून २०१३ रोजी ते गेले. त्यानंतरच्या स्मृतिदिनांत सर्वपक्षीय मंच असतो, हे चांगलं आहे. पण कोणत्या नेत्याचं भाषण आधी आणि हार कुणी घालायचा यात अर्धा वेळ जातो आणि हुतात्म्यांच्या घरची माणसं कडेच्या खुर्च्यांवर बसलेली असतात, हे चांगलं नाही. मोर्चात लाठ्या खाल्लेल्या बायकांची नावं तर फलकावर कुठेच नसतात. १९८४ साली जी मुलगी वीस वर्षांची होती ती आज साठी ओलांडून गेली आहे. ओहोटीला खाडीत कसं उतरायचं हे जसं तिला ठाऊक आहे, तसं त्या दोन दिवशी कोण कुठे उभं होतं हेही तिलाच ठाऊक आहे. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी ध्वनिमुद्रणाचं काम हाती घ्यावं. इतिहासाचे विद्यार्थी इथले, भाषा इथली, साक्षीदार चालत जाण्याच्या अंतरावर. यापेक्षा सोपा आणि यापेक्षा निकडीचा प्रकल्प मला सुचत नाही.

तरुण पोरांना आठवण नको आहे असं मात्र नाही. २०२१ साली विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून जे उठलं, ते पाहिलेल्याला हे सांगावं लागणार नाही. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घालायला भरपावसात हजारो लोक गेले. त्यातल्या बहुतेकांचा जन्म १९८४ नंतरचा. आजोबांच्या लढ्याची गोष्ट त्यांनी घरात ऐकलेली होती, पण हातात कॅमेरा, मोबाइल आणि स्वतःची गाणी होती. २०२२मध्ये राज्य सरकारने नावाचा ठराव केला. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं. नावाची मागणी ही नुसत्या पाटीची मागणी नव्हती. या भूमीचं नवं रूप ज्यांच्या जमिनीवर उभं आहे त्यांचं त्यावर कुठेतरी नाव हवं, एवढं साधं न्यायाचं म्हणणं तिच्यात होतं.

१२ जानेवारी २०२४ला अटल सेतू खुला झाला. शिवडीहून समुद्र ओलांडून जवळजवळ बावीस किलोमीटरनंतर हा पूल चिर्ल्याला जमिनीवर उतरतो. नामदेव घरत याच चिर्ल्याचे. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. चार दिवसांनी गोळीबाराला चाळीस वर्षं पुरी झाली. मुंबईहून वीस मिनिटांत येणाऱ्या माणसाला पुलाच्या टोकाशी एखादा फलक दिसावा, त्यावर पाच नावं आणि दोन तारखा असाव्यात, ही काही मोठी मागणी नाही. इतक्या हजार कोटींच्या कामात तो खर्च कुणाच्या हिशेबातही येणार नाही.

आणि आता पुन्हा अधिसूचना आल्या आहेत. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं गेलं. क्षेत्र ३२३ चौरस किलोमीटर. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. कागदावर नाव कर्नाळा-साई-चिरनेर. चिरनेर, म्हणजे अक्कादेवीच्या माळाचं चिरनेर. गावोगाव बैठका झाल्या, हजारोंनी हरकती नोंदवल्या गेल्या. त्या बैठकांत १९८४चा उल्लेख होतो, तो दुःखाचा म्हणून कमी आणि अनुभवाचा म्हणून जास्त. भाव कुठल्या तारखेचा धरणार? विकसित जमिनीतला वाटा किती, आणि तो ताबा घेण्याआधी की नंतर? गावठाणाची हद्द कोण आखणार? गरजेपोटी बांधलेल्या घरांचं काय? खाडीवर जगणाऱ्यांची मोजणी होणार का? १९७०च्या अधिसूचनेच्या वेळी हे प्रश्न विचारायला शिकवणारा अनुभव गाठीशी नव्हता. आता जासईचा शाळकरी मुलगाही विचारतो, आणि उत्तर तोंडी नको, लेखी द्या, असं म्हणतो.